शनबर्ग, आर्नोल्ट : निळे आत्मचित्र

आधुनिक पाश्चात्त्य संगीतातील युगप्रवर्तक रचनाकार आर्नोल्ट शनबर्ग (१३ सप्टेंबर १८७४–१३ जुलै १९५१) याने रंगविलेले स्वतःचे मुखचित्र. ‘ब्लाउएस झेल्ब्स्टपोर्ट्रेट’ (निळे आत्मचित्र) या नावाने ते प्रसिद्ध आहे. निर्मितिवर्ष १९१०, माध्यम तिपदरी लाकडी फळीवर तैलरंग, आकार सु. ३१ × २३ सेंमी., म्हणजे शाळकरी मुलाच्या पाटीएवढा. हे चित्र व्हिएन्ना येथील आर्नोल्ट शनबर्ग केंद्राच्या संग्रहात आहे. संगीतकाराने फावल्या वेळात हातात कुंचला धरल्याची उदाहरणे यूरोपात थोडी नाहीत. मेंडेल्सझोनची जलरंगातील निसर्गचित्रे नीटस आणि सफाईदार आहेत. पण त्यांच्यासाठी कलेतिहासाचे एकही पान बदलावे लागत नाही. शनबर्गची गोष्ट निराळी. त्याला छंदिष्ट म्हणून नव्हे, तर चित्रकार म्हणून मान्यता हवी होती. काही काळ तर चित्रकलेवर उपजीविका करण्याचा त्याचा गंभीर विचार होता. त्यामुळे त्याच्या चित्रांबाबत एक प्रश्न टाळता येत नाही : ही चित्रे चित्रे म्हणून उभी राहतात, की एका थोर संगीतकाराच्या हस्ताक्षराचे मोल त्यांना लाभलेले आहे? निळे आत्मचित्र हे या प्रश्नाचा निकाल लावण्यास सर्वांत योग्य असे चित्र होय.

शनबर्गचे संगीतशिक्षण बहुतांशी स्वतःचे स्वतःच झाले. आलेक्सांडर त्सेमलिन्स्की हा एकच खरा गुरू त्याला लाभला; १९०१ मध्ये त्याच्या बहिणीशी, माटिल्डशी, शनबर्गचा विवाह झाला. चित्रकलेत तर गुरू म्हणावा असा कोणी नव्हताच, असे तो स्वतः सांगे. ते अक्षरशः खरे नाही. १९०६ च्या सुमारास रिखार्ट गेर्स्टल (१८८३–१९०८) हा तरुण व्हिएन्नी चित्रकार शनबर्ग कुटुंबाच्या सहवासात आला. त्याने शनबर्गची आणि माटिल्डची चित्रे काढली, दोघांनाही रंगकामाचे धडे दिले. १९०८ च्या उन्हाळ्यात ट्राउनझे सरोवराकाठी ही मंडळी एकत्र राहत असता गेर्स्टल व माटिल्ड यांचे प्रेमसंबंध उघड झाले. माटिल्ड घर सोडून गेली, आणि मुलांसाठी म्हणून शिष्यांनी, विशेषतः व्हेबर्नने, मनधरणी केल्यावर परतली. ४ नोव्हेंबर १९०८ रोजी गेर्स्टलने आत्महत्या केली. त्याचे वय तेव्हा अवघे पंचवीस होते. शनबर्गच्या चित्रनिर्मितीचा बहर नेमका या घटनेच्या आगेमागे, १९०८ ते १९११ या काळात येतो. या योगायोगावरून पुष्कळांनी पुष्कळ तर्क लढविले आहेत. दुःखाचा उद्रेक म्हणजे ही चित्रे, असे म्हणणे सोपे आहे. पण दुःख सर्वांनाच होते आणि चित्रे थोड्यांनाच साधतात, हे विसरून चालत नाही.

गेर्स्टलचे ऋण मात्र नाकारता येत नाही, आणि त्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. गेर्स्टलच्या मृत्यूनंतर त्याची चित्रे त्याच्या भावाने बांधून ठेवली. १९३१ साली ऑटो कालीर याने व्हिएन्नातील आपल्या ‘नॉये गॅलरी’त ती प्रथम लोकांसमोर मांडली. म्हणजे १९१०–१२ या वर्षांत ज्यांनी शनबर्गची चित्रे पाहिली, ज्यांनी त्यांना उचलून धरले अथवा झोडपून काढले, त्यांच्यापैकी बहुतेकांना तुलनेसाठी गेर्स्टल उपलब्धच नव्हता. त्यांना शनबर्ग आकाशातून पडल्यासारखा वाटला. पुढे १९३८ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात शनबर्गने उलट असे सुचविले, की गेर्स्टलनेच आपली चित्रे पाहून कसे रंगवावे ते शिकल्याचे कबूल केले होते. गेर्स्टलचे कॅनव्हास आज डोळ्यांसमोर असता हा दावा मान्य करणे कठीण आहे. जाड, फटकारलेला रंग, वितळल्यासारखे चेहरे, सौंदर्याविषयीची बेफिकिरी हे सर्व गेर्स्टलजवळ आधीच होते. शिवाय त्याच्याजवळ अकादमीत घडलेला हात होता.

मान्यता मिळविण्याच्या शनबर्गच्या धडपडीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे मार्च १९१० मध्ये त्याने आपला प्रकाशक, ‘युनिव्हर्सल एडिशन’चा संचालक एमील हेर्त्स्का, यास लिहिलेले पत्र. पस्तिशीतल्या शनबर्गच्या डोक्यावर त्या वेळी कर्ज होते. संगीताचे उत्पन्न तुटपुंजे, शिष्य थोडे व तेही बहुधा गरीब. धनिक आश्रयदात्यांकडून आपल्याला व्यक्तिचित्रांची कामे मिळवून द्यावीत, अशी विनंती या पत्रात आहे. पूर्णाकृती चित्रासाठी दोन ते सहा बैठका आणि दोनशे ते चारशे क्रोनेन मोबदला, असा त्याचा दरही त्याने कळविला. वीस वर्षांनी या चित्रांना दसपट आणि चाळीस वर्षांनी शंभरपट किंमत येईल, असे त्याचे भाकीत होते. कारण काय, तर विस्मृतीत जाणाऱ्या एखाद्या धंदेवाईक चित्रकाराकडून चित्र काढून घेण्यापेक्षा, ज्याचे नाव संगीताच्या इतिहासात आधीच नोंदले गेले आहे अशा माणसाकडून काढून घेणे कधीही अधिक मोलाचे. एक अटही त्याने घातली. चित्र आवडले तरच घेऊ, ही भाषा चालणार नाही. चित्रात बसणाऱ्याने या विषयातले आपल्याला काही कळत नाही, हे समजून असावे.

हे पत्र वाचताना हसू येते, आणि थोडा विषादही वाटतो. ज्या माणसाने संगीतात लोकप्रियतेशी तिळमात्र तडजोड केली नाही, तो येथे स्वतःच्या नावाची हुंडी वटवू पाहत आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की चित्राच्या गुणाविषयी पत्रात फारसे काही नाही. कलामूल्याचा उल्लेख येतो न येतो तोच ऐतिहासिक मूल्याची हमी पुढे केली जाते. आपण चित्रकार आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण संगीतकार आहोत, हीच साक्ष तो काढतो. त्याच्या चित्रांविषयीचा वर नमूद केलेला संशय प्रथम त्यानेच उत्पन्न केला, असे म्हटले तर अन्याय होणार नाही. याच काळात याच शहरात ऑस्कर कोकोश्का हा तरुण चित्रकार वास्तुशिल्पज्ञ आडोल्फ लोस याच्या आधाराने व्यक्तिचित्रे रंगवीत होता. लोसची पद्धत अगदी उलटी : बसणाऱ्यास चित्र पसंत पडले नाही, तर ते आपण विकत घेऊ, असे आश्वासन तो देत असे, आणि तशी अनेक चित्रे त्याच्या पदरात पडली. दोन्ही योजनांच्या मागे एकच जाणीव होती. नव्या तऱ्हेचे व्यक्तिचित्र, ज्याचे आहे त्याला आवडण्याचा संभव कमीच. लोसने त्या नापसंतीची किंमत स्वतः मोजण्याची तयारी दाखविली. शनबर्गने ती गिऱ्हाइकाकडून वसूल करावयाचे ठरविले.

शनबर्गला अशी कामे अर्थातच भराभर मिळाली नाहीत. त्याने रंगविलेली व्यक्तिचित्रे बहुतांशी घरच्या व जवळच्या माणसांची आहेत : पत्नी, मुले, मालर, शिष्य आल्बान बेर्ग आणि त्याची भावी पत्नी हेलेने. त्यांपैकी बेर्गचे चित्र (१९१०) व्हिएन्नाच्या नगरसंग्रहालयात असून ते सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. सु. १७५ सेंमी. उंचीच्या अरुंद कॅनव्हासवर पंचविशीतला बेर्ग उभा आहे. उंच, सडपातळ, गडद पोशाखातला, काहीसा संकोचलेला. चित्रकाराचे शिष्यावर प्रेम आहे, हे पाहताक्षणी कळते. बेर्गच्या स्वभावातील मऊपणा, देखणेपणा आणि देह सांभाळण्याची अडचण या गोष्टी त्याने बरोबर टिपल्या आहेत. पण एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचे काय करावे, हे त्याला उमगलेले नाही. मानवी आकृती उभी करताना तिचे वजन पावलांपर्यंत उतरावे लागते, हात कुठेतरी हातासारखे असावे लागतात, आणि आकृतीभोवतीची जागाही तिच्याइतकीच काम करीत असावी लागते. येथे चेहरा जिवंत आहे आणि बाकीचे चित्र चेहऱ्याची वाट पाहत थांबले आहे. पत्रातील दरपत्रकाप्रमाणे जे चित्र सर्वांत महाग ठरले असते, त्यातच त्याचे कच्चेपण सर्वाधिक उघडे पडते.

निळ्या आत्मचित्रात यांपैकी एकही अडचण नाही, कारण त्याने ती उद्‌भवूच दिलेली नाही. फळी लहान आहे आणि मस्तकाने ती जवळजवळ व्यापून टाकली आहे. गळ्याखालचे शरीर असून नसल्यासारखे. चेहरा थेट समोर वळलेला, टक्कल पडलेले भव्य कपाळ, आणि पाहणाऱ्यावर रोखलेले दोन डोळे. पार्श्वभूमीत खोली नाही, खिडकी नाही, पियानो नाही, संगीताची खूण सांगणारा एकही कागद नाही. चेहऱ्याची त्वचा निळी आहे. हा निळा सावलीचा नव्हे, कारण प्रकाश कुठून येतो हे चित्र सांगतच नाही. तो आजाराचाही नव्हे, कारण मुद्रेत दुबळेपणा नाही. थंड, हिरवट छटेकडे झुकणारा हा रंग कातडीवर बाहेरून चढविल्यासारखा न वाटता आतून वर आल्यासारखा वाटतो. रंगलेपन घाईचे आहे. नाक व ओठ यांच्या बांधणीत कोठेही शरीरशास्त्राची हुशारी नाही. डोळे मात्र पुन्हापुन्हा गिरवलेले असावेत असे भासतात. सगळे चित्र तेथे गोळा होते.

गेर्स्टलनेही स्वतःचे एक निळे चित्र रंगविले होते. सु. १९०४–०५ मधील त्याचे अर्धनग्न आत्मचित्र व्हिएन्नाच्या लिओपोल्ड संग्रहालयात आहे. त्यात कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला उंच, कृश तरुण निळ्या पार्श्वभूमीपुढे उभा असून ख्रिस्तचित्रांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. शनबर्गने ते पाहिले असेल वा नसेल; दोन्ही चित्रे शेजारी ठेवली असता फरक लक्षात येतो. गेर्स्टलच्या चित्रात निळा रंग देहाभोवती आहे, देहाला तो तेजोवलयासारखा उठाव देतो, आणि देह स्वतः देहाच्याच रंगाचा राहतो. शनबर्गच्या चित्रात निळ्याने चेहऱ्याची सीमा ओलांडली आहे. पहिल्यात एक तरुण स्वतःला दाखवीत आहे. दुसऱ्यात दाखविण्याची क्रिया बंद पडली असून फक्त पाहणे उरले आहे. चित्रकार म्हणून गेर्स्टल निःसंशय मोठा. पण ही एक गोष्ट त्याच्याजवळ नाही.

आपण चेहरे कधी पाहिलेच नाहीत, माणसाच्या डोळ्यांत पाहत असल्यामुळे आपल्याला दिसली ती त्याची नजर, असे शनबर्गने १९३८ च्या त्याच टिपणात म्हटले आहे. खरा चित्रकार एका दृष्टिक्षेपात सबंध माणूस टिपतो, आपण फक्त त्याचा आत्मा, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. वाक्य दिमाखदार आहे व म्हणूनच जपून घ्यावयास हवे. आत्मा टिपल्याचा दावा करणाऱ्यास हात-पाय न टिपल्याबद्दल कोणी जाब विचारू शकत नाही. तथापि या एका चित्रापुरते ते खरे ठरते. आरशात पाहून काढलेल्या चित्रात पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच असतो, आणि नजरेवाचून ज्याला दुसरे काही रंगविता येत नाही, अशा चित्रकाराला याहून अनुरूप विषय मिळणे शक्य नव्हते. त्याची मर्यादा आणि त्याचा विषय या ठिकाणी एकमेकांत चपखल बसले.

ऑक्टोबर १९१० मध्ये व्हिएन्नातील पुस्तकविक्रेता व प्रकाशक ह्यूगो हेलर याच्या कलादालनात शनबर्गच्या चित्रांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. याच हेलरच्या दालनात १९०७ साली झिग्मुंट फ्रॉइडने कवी व दिवास्वप्न या विषयावर व्याख्यान दिले होते. तेव्हा जागा अगदीच आडवळणाची नव्हती. प्रदर्शनाच्या निमित्ताने रोझे चतुष्काने शनबर्गच्या तंतुवाद्य-रचनाही वाजविल्या. वृत्तपत्रांनी चित्रांची बहुधा टवाळीच केली. गुस्टाफ मालरने आपले नाव उघड न करता तीन चित्रे विकत घेतली. चित्रांवर लुब्ध होऊन नव्हे, तर तरुण मित्राचे अडलेले काम निघावे म्हणून ही खरेदी झाली असावी, असे मानण्यास जागा आहे. मालर १८ मे १९११ रोजी निवर्तला आणि शनबर्गने त्याच्या अंत्यविधीचे चित्र रंगविले. ते आकाराने लहान, रचनेत विस्कळीत आणि भावनेत अगदी प्रामाणिक आहे.

चित्रकार म्हणून त्याची खरी दखल घेतली ती वासिली कँडिन्स्कीने. जानेवारी १९११ च्या आरंभी म्यूनिक येथे शनबर्गच्या रचनांचा कार्यक्रम त्याने ऐकला, त्याच्या प्रभावाखाली ‘इंप्रेशन ३’ हे चित्र रंगविले आणि अपरिचित शनबर्गला आपण होऊन पत्र लिहिले. त्यातून जडलेल्या मैत्रीमुळे डिसेंबर १९११ मध्ये म्यूनिकच्या टानहाउझर दालनात भरलेल्या ‘ब्लाउअर रायटर’ (निळा घोडेस्वार) गटाच्या पहिल्या प्रदर्शनात शनबर्गची चित्रे टांगली गेली (पहा : अभिव्यक्तिवाद). १९१२ मध्ये निघालेल्या या गटाच्या वार्षिकात त्याचा एक लेख, एक गीतरचना आणि चित्रांच्या प्रतिकृती आल्या. त्याच वर्षी शिष्य-मित्रांनी काढलेल्या गौरवग्रंथात कँडिन्स्कीने त्याच्या चित्रांवर स्वतंत्र लेख लिहिला. शनबर्ग सुंदर चित्र काढावयास बसत नाही, किंबहुना चित्राचा विचारच करीत नाही. आतील जाणीव पक्की करण्यास जेवढे हवे तेवढेच तो घेतो, म्हणून ही ‘निव्वळ चित्रकला’ होय, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय. तंत्राच्या उणिवेबद्दल शनबर्ग स्वतःला दोष देतो, पण ही उणीव तंत्राची नसून अंतरीची ओढ अद्याप पुरी न झाल्याची आहे, असेही त्याने बजावले.

त्याच गटातील आउगुस्ट माके याला हे मुळीच पटले नाही. फ्रांट्स मार्कला लिहिलेल्या पत्रात त्याने शनबर्गच्या मुद्रांना हिरव्या डोळ्यांच्या, परलोकी नजर लावून बसलेल्या पावांची उपमा दिली. उपमा क्रूर आहे, पण ज्याने ‘दर्शने’ या वर्गातील दहा-बारा चित्रे ओळीने पाहिली असतील त्याला ती आठवल्यावाचून राहणार नाही. या वर्गातील चित्रांत मुखवट्यासारखे चेहरे धुक्यातून वर येतात आणि डोळे वटारतात. ‘लाल नजर’ (१९१०) हे त्यांतील सर्वांत प्रभावी. तांबारलेल्या कडांचे ते डोळे आणि खंगलेला चेहरा एकदा पाहिला म्हणजे विसरता येत नाही. पण पाचव्या-सहाव्या चेहऱ्यानंतर भयाची सवय होते, आणि सवयीचे भय हा केवळ अलंकार उरतो. माकेने एक अपवाद मानला होता : १९११ चे पाठमोरे आत्मचित्र. त्यात शनबर्ग रस्त्याने आपल्यापासून दूर चालला आहे. दिसते ते टक्कल आणि पाठ. ज्याची सारी भिस्त नजरेवर, त्याने नजर लपवून काढलेले हे चित्र थोड्या विनोदाचेही आहे. शनबर्गच्या चित्रांत विनोद दुर्मिळ, म्हणूनच ते ताजे वाटते.

कँडिन्स्की आणि माके यांच्यातील हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नव्हता. हाताला वळण नसणे हा कलेत दोष की मुक्ती, हा तो वाद होता आणि विसाव्या शतकाने तो वारंवार उकरून काढला. त्याच प्रदर्शनात पॅरिसच्या जकातखात्यातील निवृत्त नोकर आंरी रूसो याचीही चित्रे होती, हे सूचक आहे. पण रूसो आपल्या अशिक्षित हातानेही प्रत्येक पान, प्रत्येक बटण चिकाटीने पुरे करी. शनबर्गला तसे करण्याची निकड वाटत नव्हती. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकूर यांचे उदाहरण आठवते. साठी उलटल्यावर ते चित्रकलेकडे वळले आणि १९३० साली पॅरिस येथे त्यांचे पहिले प्रदर्शन झाले. रवींद्रनाथांची चित्रे मात्र त्यांच्या हस्तलिखितांतील खोडाखोडीतून, म्हणजे शब्द लिहिणाऱ्या हाताच्याच चाळ्यातून उगवली. त्यामुळे रेषेची लय त्यांना आरंभापासून लाभली. शनबर्गच्या स्वरलिपीतून त्याच्या चित्राकडे असा रस्ता जात नाही.

त्याच्या संगीताशी या चित्रांचे नाते जोडण्याचा मोह टीकाकारांना नेहमीच झाला आहे. काळ तर अगदी एकच आहे. मूळ स्वराचे बंधन सोडून दिलेल्या पियानोरचना (ऑप. ११) १९०९ च्या, ‘एरव्हार्टुंग’ हे एकपात्री संगीतनाटक त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अवघ्या सतरा दिवसांत लिहिलेले. दोन्हींमध्ये घाई आहे, आवेग आहे, पूर्वनियोजित आराखड्याचा तिटकारा आहे. पण साम्य येथे संपते. पाच वाद्यवृंदरचनांपैकी (ऑप. १६, १९०९) तिसरीचे नाव पुढे ‘रंग’ असे पडले. तीत एकच स्वरसमूह जवळजवळ स्थिर राहतो आणि वाद्ये बदलत गेल्याने त्याची छटा पालटत राहते. एकाच निळ्याच्या छटांनी घडविलेला चेहरा पाहताना ही रचना आठवणे साहजिक आहे. मात्र तिच्या शांत पृष्ठभागाखाली स्वरांच्या हालचालींची अतिशय काटेकोर वीण दडलेली आहे. जो ती उलगडतो त्याला रचनाकाराच्या प्रभुत्वाने थक्क व्हावे लागते. निळ्या आत्मचित्राखाली अशी वीण नाही. तेथे जे आहे ते सर्व वरच आहे.

येथे शनबर्गच्या भूमिकेतील विसंगती स्पष्ट होते. शिक्षक म्हणून तो अत्यंत कडक होता. बेर्ग व व्हेबर्न यांच्याकडून त्याने हार्मनी व काउंटरपॉइंट यांचे पाठ वर्षानुवर्षे गिरवून घेतले. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेला, मालरच्या स्मृतीला अर्पण केलेला त्याचा ‘हार्मोनीलेरे’ हा ग्रंथ स्वरमेळाच्या परंपरागत कारागिरीवरच उभा आहे, आणि रचनेची कला सुताराच्या कसबाप्रमाणे शिकविता यावी, अशी त्याची धारणा होती. रूढ नियम मोडण्याचा अधिकार, ज्याने ते पचविले आहेत त्यालाच, ही त्याची संगीतातील निष्ठा. चित्रकलेत मात्र ज्याने नियम कधी शिकलेच नाहीत, त्याला ते मोडण्याचे श्रेय मिळावे, अशी त्याची अपेक्षा दिसते. एखाद्या शिष्याने बेर्गच्या चित्रातील हातांइतकी ढिली दुय्यम स्वरपंक्ती लिहून आणली असती, तर शनबर्गने ती खचित फाडून टाकली असती. तो स्वतः हे जाणत नव्हता असे नाही. मार्च १९१२ मध्ये कँडिन्स्कीला त्याने कळविले, की धंद्याने चित्रकार असलेल्यांच्या पंगतीत आपली चित्रे मांडणे आपल्याला हितावह वाटत नाही. आपण बाहेरचे, हौशी. दोन वर्षांपूर्वीच्या दरपत्रकाशेजारी हे पत्र ठेवले, म्हणजे त्याच्या धडपडीचा शेवट कसा झाला ते कळते. कोणी नाकारल्यामुळे नव्हे, तर कँडिन्स्कीसारख्याने स्वीकारल्यानंतर त्याने माघार घेतली. खऱ्या चित्रकारांच्या भिंतीवर आपले चित्र टांगलेले पाहणे हा कदाचित त्याला कोणत्याही टीकालेखाहून कठोर निवाडा वाटला असेल.

त्यानंतर त्याने रंग अजिबात सोडले असे नाही. ‘डी ग्लुक्लिख हांट’ (रचना १९१०–१३) या संगीतनाटकासाठी त्याने रंगमंचाची रेखाटने केली आणि त्याच्या संहितेत वादळाबरोबर चढत जाणाऱ्या रंगीत प्रकाशाची तपशीलवार आखणी केली. हातात काहीतरी घडविण्याची त्याची आवड जन्मभर टिकली. पत्त्यांचे जोड, बुद्धिबळाचा एक नवा खेळ, पुस्तकबांधणी असे नाना उद्योग तो करीत असे. १९३३ मध्ये नात्सी राजवटीमुळे जर्मनी सोडून तो अमेरिकेत गेला. तेथेही मधूनमधून त्याने स्वतःची लहान रेखाचित्रे काढली. त्यांत म्हातारा होत जाणारा, तरीही तसाच रोखून पाहणारा चेहरा दिसतो. चित्रकार म्हणून प्रसिद्धी मिळविण्याचा विचार मात्र त्याने बऱ्याच आधी सोडून दिला होता.

त्याच्या मृत्यूनंतर चित्रे कुटुंबाकडे राहिली. पुढे लॉस अँजेल्स येथील शनबर्ग संस्थेत आणि १९९८ पासून व्हिएन्नातील केंद्रात त्यांचा मोठा भाग जतन करण्यात आला आहे. त्यांचे प्रदर्शन आता वरचेवर भरते, सविस्तर सूचीही प्रसिद्ध झाली आहे, आणि निळ्या आत्मचित्राच्या नावावर नोएमी लफेव्र या फ्रेंच लेखिकेने २००९ साली एक कादंबरीही लिहिली. चित्रांच्या भावी किमतीविषयीचे त्याचे भाकीत या अर्थाने खोटे ठरले नाही. संग्रहाच्या दालनात बहुतेक चित्रांपुढे प्रेक्षक आधी नावाची पट्टी वाचतो, मग चित्र पाहतो. निळ्या आत्मचित्रापुढे क्रम उलटा होतो. पट्टीकडे वळण्यापूर्वी त्या डोळ्यांना उत्तर द्यावे लागते.